इमारतींवरचे पारवे

शहरांतील मोठ्या इमारतींना उपद्रव देणाऱ्या पक्ष्यांचा विषय निघाला कीं बहुतेकांच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो ‘यांना हांकलावें कसें’ हा. कचेरीचा व्यवस्थापक हाच प्रश्न विचारतो, कारखान्याचा मालक हाच विचारतो, आणि गृहसंस्थेच्या सभेंतहि हाच विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याची मांडणी थोडी चुकलेली आहे, आणि मांडणी चुकल्यामुळें त्यापायीं केलेला खर्च बहुधा वायां जातो. पक्षी इमारतीवर कां आला हें समजून घेतल्यावांचून तो जाईल कसा हें कळणें शक्य नाहीं.

नुसत्या हांकलून दिलेल्या पक्ष्याचें काय होतें याचें एक मोठें मासलेवाईक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासांत नमूद आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत होल्मडेल या गांवीं बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे दोन शास्त्रज्ञ, आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन, शिंगाच्या आकाराच्या एका प्रचंड अँटेनाच्या साह्यानें आकाशांतून येणारे रेडिओतरंग मोजीत होते. त्यांच्या यंत्रांत एक मंद खरखर सतत नोंदली जाई व तिचें कारण कांहीं केल्या सांपडेना. शिंगाच्या आंत पारव्यांच्या एका जोडप्यानें बिऱ्हाड थाटलें होतें आणि आंतल्या पत्र्यावर विष्ठेचा पांढरा थर बसला होता. शास्त्रज्ञांनीं पिंजरा लावून तें जोडपें धरलें, दूरच्या गांवीं पाठवून तेथें सोडून दिलें, आणि शिंग स्वच्छ केलें. पारवे परत त्याच शिंगांत येऊन बसले! अखेरीस त्यांना बंदुकीनें मारण्यांत आलें. खरखर मात्र थांबली नाहीं. कारण ती पारव्यांची नव्हतीच. विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाची ती खूण होती, आणि त्या शोधाबद्दल या दोघांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शास्त्रज्ञांचें भाग्य उजळलें, पारव्यांचें मात्र नाहीं. परंतु प्रस्तुत विषयापुरता या कथेचा बोध असा कीं, शिंग उघडें होतें तोंवर पारव्यांना दूर सोडून देणें व्यर्थ होतें.

याचें मूळ पारव्याच्या स्वभावांत आहे. ज्याला मराठींत पारवा म्हणतात, तो मूळचा डोंगरकड्यांचा आणि समुद्रकांठच्या गुहांचा रहिवासी. झाडाच्या फांदीपेक्षां त्याला कड्यावरील अरुंद, सपाट, पावसापासून आडोसा असलेली पायरी अधिक प्रिय. मनुष्यानें त्याला हजारो वर्षांपूर्वीं माणसाळविलें, पत्रें नेण्यास शिकविलें, मांसासाठीं पाळलें. आणि पुढें पाळीव कुळांतून सुटलेले पारवे शहरांत पुन्हां मोकळे झाले. त्यांच्या दृष्टीनें दगडी अथवा सिमेंटची उंच इमारत म्हणजे एक कडाच होय. खिडकीवरचा सज्जा, कमानीवरचा कंगोरा, पाटीच्या पाठीमागची पोकळी, वातानुकूलन यंत्राखालची फळी, कारखान्याच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या, गच्चीवरील टाकीखालची सांवली, हीं सर्व स्थळें त्यांच्या पूर्वजांच्या पायऱ्यांसारखींच आहेत. वास्तुकारानें तीं शोभेसाठीं अथवा सोयीसाठीं काढलीं. पारव्यानें तीं घरासाठीं पसंत केलीं. यांत पक्ष्याचा कांहीं अपराध आहे असें म्हणतां येणार नाहीं.

घर मिळाल्यावर अन्न पाहिजे. धान्याच्या गोदामाबाहेर सांडलेले दाणे, माल चढविण्याउतरविण्याच्या धक्क्यावरील फाटकीं पोतीं, उपाहारगृहामागची उघडी कचरापेटी, आणि भाविकांनीं टाकलेली ज्वारी व चणे, यांवर त्यांचा निर्वाह चालतो. अन्न मुबलक असलें म्हणजे पारव्याची वीण बारा महिने चालूं राहते. मादी एका वेळीं बहुधा दोन अंडीं घालते. नर आणि मादी आळीपाळीनें तीं उबवितात. सुमारें अठरा दिवसांत पिल्लें बाहेर पडतात. पिल्लांना आरंभीं दाणे भरवावे लागत नाहींत. आईबाप दोघेहि आपल्या गळ्यांतील पिशवींत पाझरणाऱ्या दुधासारख्या पदार्थावर त्यांना पोसतात. महिन्याभरांत पिल्लूं उडूं लागतें, आणि कित्येकदां तें उडण्यापूर्वींच पुढचीं अंडीं घातलेलीं असतात. एका जोडप्याचे वर्षांतून असे अनेक संसार होतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे दहा पारवे उडवून लावल्यानें कांहीं साधत नाहीं हें सहज पटेल.

उपद्रव खरा आहे, तो केवळ स्वच्छतेच्या आवडीनें फुगविलेला नाहीं. पारव्याच्या विष्ठेंत युरिक आम्ल व क्षार असतात. ओलावा मिळाला कीं ते दगडाच्या पृष्ठभागांत मुरतात, लोखंडाचा रंग खातात आणि गंजास वाट करून देतात. मुंबईच्या फोर्ट भागांतील कित्येक जुन्या इमारतींच्या नक्षीकामांत पोरबंदरचा चुनखडीचा दगड वापरलेला आहे. अशा मऊ दगडावरील कोरीव पानाफुलांना हा मारा फार दिवस सोसत नाहीं. पिसें, काटक्या आणि विष्ठा यांनीं पन्हळी तुंबतात, पहिल्या मोठ्या पावसांत गच्चीवर पाणी सांचतें, आणि खालच्या मजल्यावरील कागदपत्रांवर तें ठिबकूं लागतें. अन्नपदार्थ किंवा औषधें तयार करणाऱ्या कारखान्यांत तर कैचीवर बसलेला एक पारवाहि सबंध मालाची शुद्धता संशयास्पद करूं शकतो. विष्ठेनें निसरड्या झालेल्या लोखंडी जिन्यावरून पाय घसरणें हाहि कांहीं लहान अपघात नव्हे.

आरोग्याच्या बाबतींत मात्र अतिशयोक्ति आणि निष्काळजीपणा या दोहोंपासूनहि दूर राहिलें पाहिजे. रस्त्यानें जातांना डोक्यावरून पारवा उडाला म्हणून धडधाकट मनुष्य आजारी पडत नाहीं. धोका आहे तो वाळलेल्या विष्ठेच्या धुळींत आणि दीर्घकाळच्या सहवासांत. विष्ठेंतील व पिसांतील सूक्ष्म कण वर्षानुवर्षें श्वासाबरोबर आंत जात राहिले तर कांहीं माणसांच्या फुप्फुसांना त्यांचें वावडें उत्पन्न होतें. वारंवार सूज येऊन फुप्फुसाचा मऊ भाग हळूहळू राठ होतो, आणि एकदां राठ झालेला भाग पूर्ववत् होत नाहीं. वैद्यकशास्त्रांत या विकाराला ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ असें नांव आहे. जुन्या विष्ठेंत ‘क्रिप्टोकॉकस’ नांवाची एक बुरशीहि वाढते. ज्यांची रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेली आहे अशा माणसांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोंचूं शकते. ‘सिटॅकोसिस’ हा तापाचा व फुप्फुसदाहाचा रोगहि पक्ष्यांपासून मनुष्यास होऊं शकतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या धुळीची सर्वांत जास्त झळ लागते ती कचेरीच्या बंद कांचेआड बसलेल्या अधिकाऱ्याला नव्हे. ती लागते हातांत खराटा घेऊन सज्ज्यावर चढणाऱ्या झाडूवाल्याला, आणि दोराला लोंबकळत भिंत खरवडणाऱ्या मजुराला. साहेबांच्या भेटीच्या आदल्या दिवशीं ‘तेवढा सज्जा झाडून घ्या’ असा हुकूम सुटतो, तेव्हां त्या झाडण्यानें उडालेली धूळ कोणाच्या छातींत जाते याचा विचार क्वचितच होतो. सुकी विष्ठा कधींहि झाडूं नये, हा या कामांतला पहिला नियम होय. ती आधीं पाण्यानें चांगली भिजवावी, भिजल्यावर खरवडून पिशवींत भरावी, पिशवीचें तोंड बांधावें. काम करणाऱ्यास नाकातोंडाला घट्ट बसणारा ‘एन ९५’ जातीचा मुखवटा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा द्यावा. जवळच वातानुकूलनाचें हवा ओढणारें तोंड असेल तर तें काम चालू असेतोंवर बंद ठेवावें. फडक्याची एक घडी नाकावर बांधली म्हणजे संरक्षण झालें, ही समजूत चुकीची आहे.

आतां उपायांकडे वळतां येईल. सर्वांत जुना आणि सर्वांत निष्फळ उपाय म्हणजे मारणें. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरानें हा उपाय मोठ्या चिकाटीनें करून पाहिला. १९६१ पासून १९८५ पर्यंत तेथें सुमारें एक लक्ष पारवे धरून अथवा गोळ्या घालून मारण्यांत आले. तरीहि शहरांतील सुमारें वीस हजारांची संख्या जवळजवळ होती तेवढीच राहिली. कारण उघड आहे. शहरांत जेवढ्या पारव्यांना पुरेल एवढें अन्न असतें, तेवढे पारवे तेथें नांदतात. त्यांतले कांहीं मारले तर जीं तरुण पाखरें एरवीं उपासमारीनें मेलीं असतीं तीं जगतात आणि रिकाम्या जागा भरून काढतात. पुढें १९८८ मध्यें डॅनियल हाग-वाकरनागेल या प्राणिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं बाझेलनें निराळा मार्ग धरला. नागरिकांना समजावून सांगून पारव्यांना दाणे घालण्याचें प्रमाण कमी करण्यांत आलें, आणि थोड्या थव्यांसाठीं देखरेखीखालील खुराडीं बांधून तेथलीं अंडीं काढून घेतलीं जाऊं लागलीं. पन्नास महिन्यांत, मोजणीखालीं असलेल्या थव्यांतील संख्या १४०० वरून ७०८ वर आली. चोवीस वर्षांच्या हत्येनें जें साधलें नाहीं, तें अन्नाच्या नियमनानें चार वर्षांत साधूं लागलें.

विष घालणें हें तर निष्फळ असून शिवाय घातक आहे. विषानें मेलेला पारवा घारीच्या किंवा मांजराच्या पोटांत जातो आणि तें विष पुढें चालतें. चिकट गोंद लावून पक्षी धरणें यांतहि क्रौर्याखेरीज कांहीं नाहीं. प्राण्यांना विनाकारण यातना देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे, हें कंत्राटदारानें आणि त्याला काम देणाऱ्यानें दोघांनींहि ध्यानांत ठेवावें.

कांहीं उपाय निरुपद्रवी परंतु निरुपयोगी असतात. प्लास्टिकचें घुबड गच्चीवर उभें केलें म्हणजे पहिले कांहीं दिवस पारवे बिचकतात; घुबड हलत नाहीं असें दिसतांच त्याच्या डोक्यावरच बसतात. चकाकत्या फितींची गतहि तीच. मनुष्यास ऐकूं न येणारा अतिसूक्ष्म नाद काढणारीं यंत्रें बाजारांत विकलीं जातात. पण जो नाद मनुष्यास त्याच्या तीव्र स्वरामुळें ऐकूं येत नाहीं, तो पारव्यासहि ऐकूं येत नाहीं, कारण उंच स्वरांच्या बाबतींत पारव्याचा कान मनुष्याच्या कानाहून तोकडाच आहे. शिकवलेले ससाणे उडविण्याचा उपाय लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत योजला गेला. परंतु त्याच्या जोडीला दाणे घालण्यावर २००३ सालीं बंदी आली, हें विसरून चालणार नाहीं. व्हेनिसनेंहि सेंट मार्क चौकांत २००८ सालीं तशीच बंदी घातली.

मग उपयोगी पडतें तें काय? एका वाक्यांत सांगावयाचें तर, बसण्याची जागा मोडणें आणि अन्न बंद करणें. परंतु यांतहि तारतम्य लागतें. पारवा एखाद्या कठड्यावर दुपारीं घटकाभर टेकतो, रात्रीं निजावयास येतो, कीं तेथें त्याचें घरटें आहे, हें आधीं दोनचार दिवस निरनिराळ्या वेळीं पाहून ठरवावें. नुसत्या टेकण्याच्या जागीं अणकुचीदार तारांच्या पट्ट्या किंवा ताणलेली बारीक तार पुरते. तेथून उठून तो दुसरीकडे जातो. परंतु जेथें घरटें आहे तेथून तो सहजासहजीं हटत नाहीं. पट्ट्यांमध्यें काटक्या अडकवून त्यांच्याच आधारानें नवीन घरटें बांधल्याचीं उदाहरणें विपुल आहेत. अशा ठिकाणीं जाळें हाच खरा उपाय होय. पारव्यासाठीं ५० मिलिमीटर छिद्राचें जाळें चालतें. चिमण्यांचाहि प्रश्न असेल, तर छिद्र २० मिलिमीटरच्या आंत असावें लागतें. जाळें न गंजणाऱ्या तारेच्या चौकटीवर चांगलें ताणून बसवावें. सैल जाळ्यांत पक्षी पाय अडकून लोंबकळतो आणि तडफडून मरतो. असें दृश्य इमारतीच्या दर्शनी भागीं दिसणें ही त्या इमारतीच्या व्यवस्थेची नामुष्की समजली पाहिजे.

जाळें बसविण्यापूर्वीं आंतले सर्व कोपरे पाहणें हें केवळ दयेचें काम नव्हे, तें शहाणपणाचेंहि आहे. पिल्लें आंत कोंडलीं गेलीं तर तीं भुकेनें मरतात, दुर्गंधि सुटते, किडे होतात, आणि बाहेर राहिलेले आईबाप जाळ्याला धडका देत राहतात. घरट्यांत पिल्लें दिसलीं तर तेवढा भाग महिनाभर उघडा ठेवून तीं उडाल्यावर बंद करावा. कंत्राटाच्या कागदांत ही अट आरंभींच घातली म्हणजे पुढें वाद उत्पन्न होत नाहीं.

नवीन बांधकामांत तर हा सर्व खर्च बव्हंशीं टाळतां येतो. सज्ज्याचा वरचा पृष्ठभाग सपाट न ठेवतां ४५ अंशांहून अधिक उतरता व गुळगुळीत केला म्हणजे पारव्यास त्यावर पाय रोवतां येत नाहीं. पाटीची पाठ भिंतीला लागून बंद करणें, नळ व तारा जाण्याच्या पोकळ्यांना जाळी लावणें, आणि धक्क्याच्या दारांना पडद्याच्या पट्ट्या किंवा आपोआप मिटणारी दारें बसविणें, या गोष्टी नकाशावर असतांनाच सुचल्या तर त्यांना फारसें मोल पडत नाहीं. बांधून झाल्यावर त्याच गोष्टींना परांची उभारावी लागते.

अन्नाचा प्रश्न मात्र इमारतीच्या भिंतीबाहेरचा आहे, आणि तोच अधिक नाजूक आहे. गोदामाच्या दारांतले सांडलेले दाणे रोजच्या रोज उचलणें हें मालकाच्या हातीं आहे. समोरच्या चौकांत कोणी मूठमूठ ज्वारी टाकीत असेल तर तें त्याच्या हातीं नाहीं. मुक्या पक्ष्यास दाणापाणी घालणें हें या देशांत पुण्य मानलें आहे, आणि त्या भावनेची थट्टा करणें कोणासहि शोभणार नाहीं. २०२५ सालीं जुलै महिन्यांत महाराष्ट्र शासनानें मुंबईंतील कबुतरखाने बंद करण्याचें धोरण जाहीर केलें, आणि ऑगस्टमध्यें दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेनें ताडपत्री घातली, तेव्हां भाविकांना दुःख झालें, विरोध झाला, आणि हा वाद उच्च न्यायालयापुढेंहि गेला. एका बाजूस पिढ्यान् पिढ्यांची भूतदया, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्यांचीं फुप्फुसें, असा तो पेंच होता.

परंतु दयेच्याच दृष्टीनें पाहिलें तरी एका ठिकाणीं ढीगभर दाणे घालण्यानें पारव्यांचें कल्याण होतें असें दिसत नाहीं. दाण्यांमुळें थवा वाढतो. वाढलेल्या थव्याला घरट्यांसाठीं आसपासच्या इमारतींच्या फटीहि पुरत नाहींत. दाटींत रोग पसरतात, पिल्लें एकमेकांच्या घाणींत वाढतात, आणि त्यांतलीं पुष्कळशीं मोठीं होण्यापूर्वींच मरतात. दाणे देणाऱ्याच्या नजरेस पडतो तो फडफडणारा थवा. कोनाड्यांतलें मेलेलें पिल्लूं त्याला दिसत नाहीं, तें झाडूवाल्याला दिसतें. चौकांतला दाणा आणि सज्ज्यावरचें जाळें हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत. पहिल्यांत भर पडत राहिली तर दुसऱ्यावर कितीहि खर्च केला तरी तो पुरा पडणार नाहीं.

म्हणून ज्या कचेरीला, कारखान्याला किंवा गृहसंस्थेला या उपद्रवांतून सुटावयाचें असेल तिनें एका दिवसाच्या मोहिमेवर विसंबूं नये. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर, सज्जे, पन्हळी, कैच्या व जाळीं यांची तपासणी व्हावी. फाटलेलें जाळें त्याच आठवड्यांत शिवलें जावें. धक्क्यावरील दाणे रोज सायंकाळीं उचलले जावे. आणि हें सर्व पाहण्याची जबाबदारी एका ठराविक मनुष्यावर असावी. साफसफाई करणाऱ्याच्या मुखवट्याचा व हातमोज्यांचा खर्च अंदाजपत्रकांत जाळ्याच्या खर्चाबरोबरच मांडला जावा. एवढी व्यवस्था दोनतीन वर्षें नेमानें चालली तर पारवे शहरांतून नाहींसे होणार नाहींत, आणि तसें होण्याची आवश्यकताहि नाहीं. मात्र त्या इमारतीखालून जाणाऱ्याला वर पाहून पाऊल टाकावें लागणार नाहीं, आणि सज्जा धुणारा मनुष्य खोकत घरीं जाणार नाहीं.